पाचशे प्रतींचा संसार

पुस्तक लिहिणे पूर्वीही सोपे होते. छापणे आता सोपे झाले आहे. अवघड राहिले आहे ते एकच: छापलेले पुस्तक घराबाहेर काढणे. आलेला पाहुणा आज ना उद्या जातो, भाडेकरूसुद्धा कोर्टात गेल्यावर जातो. पण स्वखर्चाने छापलेल्या पाचशे प्रती एकदा घरात शिरल्या की त्यांचे नाव रेशनकार्डावर चढवायचेच काय ते बाकी राहते.

ऐरोली वसवताना सिडकोने माणसाच्या बहुतेक गरजांचा विचार केला. शाळेला प्लॉट ठेवला, बाजाराला ठेवला, मैदानाला ठेवला. निवृत्त माणसाच्या कवितासंग्रहाला मात्र कुठल्याच सेक्टरात प्लॉट नाही. त्यामुळे तो दिवाणात जातो. आमच्या सेक्टरातले निदान सहा दिवाण मला ठाऊक आहेत, की ज्यांच्या पोटात मराठी साहित्य आहे. तुम्ही वर बसून निवांत पोहे खात असता आणि खाली तीनशे चाळीस प्रती तुमच्याकडे डोळे लावून पडलेल्या असतात. उठताना एक तुमच्या हातात येतेच. सही आधीच केलेली असते, फक्त नाव घालायचे बाकी.

आमच्या बिल्डिंगमधले तिसऱ्या मजल्यावरचे काका हे अशा लेखकांचे प्रतिनिधी. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीत पस्तीस वर्षे काढली, कंपनी बंद झाली, हिशेब मिळाला. त्या हिशेबातून मुलीचे लग्न, बाथरूमच्या टाइल्स आणि चौऱ्याऐंशी कविता अशी तीन कामे झाली. प्रकाशनाला पाच-सहा महिने झाल्यावर मी जिन्यात विचारले, "काका, किती प्रती गेल्या?"

"एकशेसाठ गेल्या."

"वा! म्हणजे खपल्या की!"

"गेल्या," काका म्हणाले.

मराठी ग्रंथव्यवहारात 'जाणे' आणि 'खपणे' ही दोन निरनिराळी क्रियापदे आहेत, आणि स्वतःचे पुस्तक स्वतः काढावे की प्रकाशकाकडे द्यावे हा सगळा वाद या दोहोंमधल्या अंतरात मावतो.

या वादात दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, प्रकाशक हा मधला माणूस. आपण लिहायचे, वाचकाने वाचायचे, आणि मध्ये हा कोण टिकोजीराव? वर्ष-वर्ष हस्तलिखित ठेवून घेतो, मग दहा-पंधरा टक्के मानधन देतो, तेही आठवण केल्यावर. त्यापेक्षा आपणच छापू, सगळा नफा आपला. दुसरा पक्ष म्हणतो, ज्याचे कोणी छापत नाही तो स्वतः छापतो; नामवंत प्रकाशकाचा शिक्का नसेल तर ते पुस्तक नव्हे, बांधलेली वही. गंमत अशी, की पहिल्या पक्षातल्या माणसाला एखाद्या नामवंत प्रकाशकाचे होकाराचे पत्र आले की तो त्याच दिवशी, जेवायच्या आधी, दुसऱ्या पक्षात जातो. उलटा प्रवासही तितक्याच वेगाने होतो; फक्त त्या दिवशी जेवण जात नाही.

दोन्ही पक्ष विसरतात, की प्रकाशक नावाचा माणूस मुळात तीन कामे करतो. तो पैसे घालतो, तो पुस्तक वाचकापर्यंत वाहून नेतो, आणि या दोहोंच्या आधी तो 'नाही' म्हणतो. पहिले काम सर्वांना दिसते. दुसरे काम ते अंगावर पडल्याशिवाय दिसत नाही. तिसऱ्याला तर कोणी काम म्हणतच नाही, अपमान म्हणतात.

आधी पैशाचे पाहू, कारण काकांनीही ते आधीच पाहिले होते. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये ठेवली. एक प्रत छापायला १०० रुपये लागले. पाचशे प्रतींचे झाले ५०,०००. दुकानदार आणि वितरक मिळून ४० टक्के घेतात म्हणू या, म्हणजे हातात १८० रुपये. आता भागाकार करा: घातलेले पैसे नुसते परत यायला २७८ प्रती विकाव्या लागतात. विकाव्या, जाव्या नव्हे. दोनशे अठ्ठ्याहत्तर ही संख्या कागदावर छोटी दिसते. पण लग्नात आहेर देणारी, बारशाला पेढे खाणारी आणि अंत्ययात्रेला येऊन दाराशी उभी राहणारी सगळी माणसे मोजली तरी आकडा तिथे पोचत नाही. शिवाय त्यांतल्या निम्म्यांना पुस्तक भेट द्यावेच लागते. भेट दिलेली प्रत फुकट नसते. ती शंभर रुपयांची असते, आणि कुरियरने गेली तर त्याहून जास्तीची. प्रकाशन समारंभाचा हॉल, माईक, शाली, नारळ आणि बटाटेवडे मी धरलेले नाहीत, कारण ते धरले तर काकूंच्या कानावर जाईल.

प्रकाशकाच्या पुस्तकातही भागाकार हाच असतो. फरक एवढाच, की तो दहा पुस्तके काढतो. आठ बुडतात, एक तरते, एक धावते आणि त्या एकावर तो पुढची दहा काढतो. लेखकाकडे एकच पुस्तक असते. ते बुडले की शंभर टक्के ग्रंथव्यवहार बुडाला.

पण हा धंदा बुडणारा म्हणावा, तर त्यात नवनवीन माणसे का उतरत आहेत? कारण आता नवा धंदा निघाला आहे: लेखकाला पुस्तक काढून देण्याचा. चांदीचे पॅकेज, सोन्याचे पॅकेज, हिऱ्याचे पॅकेज. चांदीत मुखपृष्ठ मिळते, सोन्यात आयएसबीएन, हिऱ्यात लेखकाची मुलाखत. त्यातला आयएसबीएन भारतात सरकार विनामूल्य देते हे काकांना मी सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण त्यांनी तो बारकोडसकट दिला." यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. दुकान उघड आहे, दरपत्रक भिंतीवर आहे. फक्त त्या दुकानातला गिऱ्हाईक कोण, हे नीट समजून घ्यावे. प्रकाशक वाचकाला पुस्तक विकतो; हे लोक लेखकाला पुस्तक विकतात. तुमच्या पाचशे प्रती छापखान्यातून बाहेर पडतात त्या क्षणी त्यांच्या दृष्टीने आवृत्ती संपलेली असते. तुमच्या दृष्टीने ती तेव्हा सुरू होते. मोबाईलवर वाचायचे पुस्तक काढले तर छपाईचा खर्च वाचतो, दिवाण मोकळा राहतो. वाचक मात्र तेवढाच लांब राहतो.

शिवाय स्वतः प्रकाशक झाल्यावर कायदा तुम्हाला प्रकाशकच धरतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. काकांना हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. चार प्रती एकदम! तीही चार महानगरांत! एखादा व्यापारी या कलमाला जुलूम म्हणाला असता. काकांनी त्याला मागणी म्हटले.

काकांचा हुकमी एक्का मात्र वेगळाच. आमच्या ऐरोलीत सेक्टर १५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक आहे. काका संध्याकाळी फिरायला तिकडे जातात. एकदा परत येताना गेटपाशीच मला गाठून म्हणाले, "बाबासाहेबांनीसुद्धा स्वतःच छापलं होतं. ठाऊक आहे?"

ठाऊक आहे, आणि ती गोष्ट प्रत्येक लेखकाने पुरती ठाऊक करून घ्यावी अशी आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. त्यांनी भाषण लिहून काढले. मंडळाने ते वाचले आणि मंडळाला घाम फुटला. काही भाग गाळता येईल का, अशी विचारणा झाली. बाबासाहेबांनी कळवले, की स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषदच रद्द झाली. मग त्यांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने पुस्तकरूपात काढले. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. प्रती १,५००. दोन महिन्यांत संपल्या. किंमत आठ आणे होती. महात्मा गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिताना पुस्तकाशी मतभेद तर नोंदवलेच, पण किंमत दोन आणे, निदान चार आणे करावी अशी सूचनाही केली. जगात पुस्तकावर टीका करणारे पुष्कळ असतात. टीका करून वर ते स्वस्त करा म्हणणारा टीकाकार मिळायला भाग्य लागते. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधींचे लेखही छापले आणि त्यांना आपले उत्तरही छापले.

नकाराचे पत्र आलेला प्रत्येक कवी या गोष्टीतला स्वल्पविराम तेवढा उचलतो. तो बाकीचे पाहत नाही. या पुस्तकाला 'नाही' म्हटले ते निमंत्रकांनी, वाचकांनी नव्हे. वाचक वाट पाहत होता. १९२० चे 'मूकनायक', १९२७ चे महाड आणि त्याच वर्षीचे 'बहिष्कृत भारत', १९३५ ची येवल्याची घोषणा: सोळा वर्षे तो वाचक तयार होत होता. पुस्तक नंतर आले. आणि स्वल्पविराम न बदलण्याचा अधिकार ज्याने प्रत्येक स्वल्पविराम विचार करून टाकला आहे त्याला असतो. काकांच्या संग्रहात स्वल्पविराम टायपिंग करणाऱ्याने टाकले आहेत.

आपल्याकडे स्वतः पुस्तक काढून ते जगवणाऱ्यांची परंपरा चांगली मोठी आहे. पण ती माणसे नुसता छापखाना गाठून थांबली नाहीत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली, आणि पुढे छापखान्यापासून 'किताबखाना' नावाच्या पुस्तकाच्या दुकानापर्यंत सगळ्याच्या उभारणीत हात घातला. लेख लिहिणारा माणूस दुकानाच्या फळ्याही मोजत होता. श्रीधर व्यंकटेश केतकरांना तेवीस खंडांचा ज्ञानकोश काढायचा होता. एवढे पैसे घालणारा प्रकाशक मिळणे शक्य नव्हते. त्यांनी १९१६ च्या सुमारास चक्क कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले. अमेरिकेतला डॉक्टरेट झालेला माणूस दारोदार फिरून न छापलेल्या पुस्तकाचे गिऱ्हाईक मिळवत होता, आणि काम झाल्यावर या खटाटोपाचा इतिहासही त्याने लिहून ठेवला. आमचे लेखक छापलेले पुस्तक घेऊनसुद्धा शेजारच्या बिल्डिंगची बेल दाबायला लाजतात. फुकट द्यायला लाजत नाहीत, हे मात्र मान्य केले पाहिजे. ऐरोलीच्या पुलावर २०२४ च्या ऑक्टोबरपासून हलक्या वाहनांना टोल माफ झाल्यापासून काका मुलुंडपर्यंत जाऊन देऊन येतात.

मग १९७० च्या दशकात 'ग्रंथाली' निघाली. दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी वाचकच सभासद करून घेतले, आणि त्या बळावर पुस्तके काढली, गावोगाव नेली. १९७८ चे दया पवारांचे 'बलुतं' आणि १९८० चे लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' ही त्यांची. त्याच सुमाराला इंग्रजीत लिहिणाऱ्या चार कवींनी मिळून 'क्लिअरिंग हाउस' काढले. अरुण कोलटकरांचे 'जेजुरी' १९७६ साली तिथून आले. मराठी कविता १९७७ साली अशोक शहाण्यांच्या 'प्रास'मधून. यांतले कोणीही 'मोठा प्रकाशक' नव्हते. पण प्रत्येक ठिकाणी लेखकाखेरीज दुसरे कोणीतरी हजर होते, ज्याने हस्तलिखित वाचले होते आणि ज्याला ते आवडले नसते तर तोंडावर सांगता आले असते.

आता प्रकाशकांकडे वळू. त्यांना सोडून दिले असा समज नको. श्री. पु. भागवतांसारखा संपादक 'मौज'मध्ये बसून हस्तलिखितावर लेखकाशी पत्रांमागून पत्रे लिहीत असे, किंवा रा. ज. देशमुख १९६३ साली पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' काढत असत, तेव्हा 'प्रकाशकाकडे द्या' या सल्ल्याला अर्थ होता. आज काही ठिकाणी हस्तलिखित दिले की ते वाचण्याआधी विचारतात, "तुम्ही स्वतः दोनशे प्रती घ्याल ना?" म्हणजे पैसे लेखकाचे, वाहतूक लेखकाची, फक्त नाव प्रकाशकाचे. हे स्वयंप्रकाशनच, फक्त ते मोठ्या घरात भाड्याने राहते. पूर्वी आवृत्ती म्हणजे हजार-अकराशे प्रती असा सरळ हिशेब होता. आता पाचशे, तीनशे, काही वेळा त्याहून कमी. बरीच पुस्तके सरकारी अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयांच्या खरेदीकडे बघून निघतात. तिथे सवलत पाहून गठ्ठा ठरतो आणि गठ्ठ्यात कविता वजनाला टाकतात. जो प्रकाशक 'नाही' म्हणायचे सोडून देतो आणि पुस्तक वाहून न्यायचेही सोडून देतो, त्याच्याजवळ द्यायला उरतो तो फक्त शिक्का. शिक्का पोस्टातही मिळतो.

तेव्हा स्वतः काढावे की दुसऱ्याला द्यावे, हा प्रश्नच मला थोडा वाकडा वाटतो. याचे सरळ उत्तर मला मिळाले ते दिवा कोळीवाड्यात.

तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी, आम्ही सगळे त्यांना दादूस म्हणतो, नव्वद पानांचे एक पुस्तक लिहिले. ठाण्याच्या खाडीत कोणत्या भरतीला काय मिळायचे, बोय कुठे, निवटी कुठे, चिंबोऱ्या कुठे, जाळ्यांची नावे, मिठागरांची आणि खाजणातल्या भातशेतांची नावे, सिडको आल्यावर कोणाचे शेत कोणत्या सेक्टराखाली गेले. ज्या ऐरोलीत आम्ही राहतो तिच्या फरशीखालची ऐरोली. एक-दोन प्रकाशकांनी सभ्यपणे कळवले, की विषय फार स्थानिक आहे. त्यांचे चुकले नाही. पुण्यातल्या वाचकाला निवटीच्या बिळाशी काय कर्तव्य?

दादूसनी काय केले? संध्याकाळी देवळापाशी बसून एकेक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवले. म्हातारी माणसे भांडली. एकाने सांगितले की होडीचे नाव चुकले, दुसऱ्याने सांगितले की ते शेत तुमच्या आज्याचे नव्हतेच. एक अख्खे प्रकरण लोकांनी कंटाळून जांभया दिल्या म्हणून काढून टाकले. ('मौजे'त याला संपादन म्हणत.) मग हळदीत, साखरपुड्यात, जत्रेत भेटेल त्याचे नाव वहीत लिहून शंभर-शंभर रुपये आगाऊ घेतले. मी विचारले, "दादूस, आधी पैसे मागायला संकोच नाही वाटला?"

"ज्यांना पायजे त्यांची नावं आधी लिवली," ते म्हणाले, "मंग छापली. बोट भरल्याशिवाय कोन सोडतो?"

तीनशे प्रती छापल्या. दिवा, रबाळे, गोठिवली, घणसोली इथे त्या संपल्या, आणि दोनशे पुन्हा छापाव्या लागल्या. ज्या घरात पुस्तकासाठी कपाट नाही त्या घरात हे पुस्तक देव्हाऱ्याशेजारी ठेवलेले मी पाहिले आहे. कारण पान अमुकवर आज्याचे नाव आहे. आणखी वीस वर्षांनी त्या जाळ्यांची नावे सांगणारे माणूस दिव्यात उरणार नाही. तेव्हा ती नावे त्या नव्वद पानांतच असतील. हे पुस्तक कोणत्याही मोठ्या प्रकाशकाने काढले नसते, आणि कोणत्याही पॅकेजवाल्याने विकले नसते.

म्हणजे दादूसनी तिन्ही कामे केली: 'नाही' ऐकून घेतले, पैसे वाचकाकडून आणले आणि पुस्तक स्वतः वाहून नेले. काकांनी एकच केले. पैसे घातले.

हे मी काकांना सांगितले, कारण कोणीतरी सांगायलाच हवे होते. आणि आणखी एक गोष्ट सांगितली, जी सांगायला जास्त जड गेली. काकांच्या चौऱ्याऐंशी कवितांत पान ६१ वर एक कविता आहे. कंपनीचा भोंगा बंद होऊन वर्ष लोटले तरी काकू त्याच वेळी उठून डबा भरायच्या भांड्याला हात लावतात, एवढाच तिचा विषय. ती खरी कविता आहे. पण पान ६१ पर्यंत जायला साठ पाने ओलांडावी लागतात, आणि त्या पानांत पाऊस, आई, प्राजक्त आणि महाराष्ट्र माझा आहे. एकशेसाठ माणसांना पुस्तक मिळाले. त्यांतले कोणी त्या पानापर्यंत पोचल्याचे काकांच्या कानी आले नाही. एक चांगला प्रकाशक त्यांना भेटला असता तर तो म्हणाला असता, "काका, त्र्याऐंशी ठेवा घरी. ही एक घेऊन पुन्हा बसा." काकांना राग आला असता, महिनाभर त्यांनी त्याचे नाव टाकले असते, आणि तेवढ्या राग-रुसव्यातून कदाचित एक पुस्तक निघाले असते. हे 'नाही' कोणत्याच पॅकेजमध्ये मिळत नाही. हिऱ्याच्यासुद्धा नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की पुस्तक कोणाच्या नावाने काढायचे ते मागाहून ठरवा. आधी एक कोरा कागद घ्या आणि ते विकत घेतील अशा शंभर माणसांची नावे लिहा. नातेवाईक वगळून. ज्यांना तुमच्याकडून काही काम आहे तेही वगळून. शंभर भरले तर खुशाल स्वतः छापा, प्रकाशकाची पायरी चढू नका. नाही भरले तर प्रकाशक शोधा. आणि तोही नाही मिळाला, तर अजून थोडे लिहा.

काकांनी कागद घेतला. दोन दिवसांनी मी विचारले तेव्हा अकरा नावे झाली होती, त्यांतले नऊ जण स्वतः कवी होते. काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "ती पान एकसष्टची म्हणता... तसल्या आणखी दहा-बारा व्हायला किती वर्षं लागतील हो?"

आजवर काकांनी मला पुस्तकाबद्दल अनेक प्रश्न विचारले होते: कागद किती जीएसएमचा, मुखपृष्ठ ग्लॉसी की मॅट, सही निळ्या शाईने की काळ्या. लेखकाने विचारायचा प्रश्न त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारला.